यंदा धुई फार

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.४०

वही, माफ कर. तुला दिवाळीत आणलं आणि आज लिहायला बसतोय. उशीर झाला, पण कारणं आहेत. एक, पेन सापडत नव्हता. तो माझ्या कानावरच होता असं पार्वतम्मा म्हणते. बायकोचं किती ऐकायचं. दोन, आजकाल वह्यांच्या रेघा इतक्या फिक्या छापतात की कुठे लिहावं तेच कळत नाही. दुकानदाराकडे बदलून मागितली. तो म्हणाला, काका, रेघा चांगल्या ठळक हायत की. व्यापारी लोक, दुसरं काय म्हणणार. शेवटी जाड स्केचपेन घेतला. एका पानावर सहा ओळी बसतात. हरकत नाही.

लिहायचं कारण मोठं आहे. माझा मुलगा सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धू, आमची दहा टायरची गाडी चालवतो. उदगीरहून डाळ भरून दिल्ली. त्याच्या जोडीचा ड्रायव्हर ताहेर. ताहेरच्या मुलीचं, अर्शीचं लग्न ठरलंय, म्हणून तो जानेवारी संपेपर्यंत गाडीवर येणार नाही. आणि माल १६ जानेवारीला निघणार. ग्वाल्हेरच्या पुढे जानेवारीत धुई अशी पडते की स्वतःच्या गाडीचा वायपर दिसत नाही. शहरातले लोक धुकं म्हणतात. त्यांनी धुई पाहिलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच वाटेवर सिद्धूला पहाटे डुलकी लागली. गाडी दुभाजकाला घासत चाळीस फूट गेली. घरात तो बोलला नाही. मला गाडीच्या पत्र्याने सांगितलं.

तेव्हा ठरलं. जोडीला मी जाणार. वय एकोणसत्तर. अडतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, माणूस सोडा, शेळीसुद्धा मारली नाही. लायसन मार्चपर्यंत जिवंत आहे.

आजपासून रोज हवा नोंदवायची. आज थंडी मध्यम. धुई फार.

१५ डिसेंबर. सकाळी ७

रात्री जेवताना घरात सांगून टाकलं. सिद्धू ताटात बघत राहिला. मग म्हणाला, बघू आप्पा. सून उज्वलाने मला आणखी एक भाकरी वाढली. पार्वतम्मा म्हणाली, तुम्हाला ताटातला ठेचा कुठला अन् मेथी कुठली ते कळंना, दिल्ली कळल का. मी म्हटलं, हिरवं ते हिरवंच. आणि ठेचा घासभर खाल्ला. पाणी प्यायलो नाही. डोळ्यांतून आलं तेवढं आलं.

सिद्धू बघू म्हणाला म्हणजे हो. पोराला मी ओळखतो.

धुई फार.

१७ डिसेंबर. सकाळी

ट्रक अड्ड्यावरून निरोप. १२ जानेवारीला चालकांचा सुरक्षेचा कार्यक्रम आहे, जुन्या ड्रायव्हरने दोन शब्द बोलावेत. माझंच नाव पुढे आलं. येणारच होतं. विषय: हिवाळ्यात जड वाहन कसे चालवावे. मी सातवी शिकलेला, पण या विषयात मला कोणी शिकवू नये.

नियम लिहायला घेतले. इथेच लिहितो, नंतर पाठ करीन.

१. सकाळी आधी एअर टाकीतलं पाणी सोडा. थंडीत ते साचतं आणि ब्रेक दगा देतो.
२. सेल्फ मारल्याबरोबर पळवू नका. ब्रेकची हवा भरू द्या, तोवर चहा घ्या.
३. धुईत अपर, म्हणजे लांबचा लाईट, लावू नका. उजेड उलटा आपल्याच डोळ्यावर येतो. डिपर लावा.
४. केबिनमध्ये शेगडी पेटवून काचा बंद करून झोपू नका. सकाळी उठणार नाही.
५. दिसतं तेवढंच चालवा. म्हणजे जेवढी वाट दिसते तेवढ्यात गाडी उभी राहिली पाहिजे.

पाचवा नियम माझा स्वतःचा. सोन्याने लिहून ठेवण्यासारखा आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

आज वेळा अमावस्या. शिरूर अनंतपाळला मेव्हण्याच्या शेतात गेलो. अख्खा जिल्हा आज रानात असतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील. आंबिलीचे चार पेले प्यायलो.

मेव्हणा वीरभद्र, पार्वतम्माचा धाकटा भाऊ. मला फार मानतो. त्याच्या दृष्टीने घरात जग पाहिलेला माणूस मी एकटा. चार एकर हरभरा फुलोऱ्यात आहे आणि त्याला एकच घोर. धुई पडली की फूल गळतं. हा गावात राहतो, नऊ वाजता रानात येतो, पहाटेची धुई त्याला कळणार कशी. मी म्हटलं, मी रोज साडेपाचला उठतो, माझ्याकडे नोंद आहे, तुला रोज फोन करीन. तू त्याप्रमाणे औषध फवार. त्याचा चेहरा उजळला असावा. म्हणाला, दाजी, तुमी हाव म्हनून बरं हाय.

दुपारी बारालाही रान पांढरट दिसत होतं. मी तसं बोललो. वीरभद्र म्हणाला, आता तर ऊन लख्ख हाय की दाजी. मी म्हटलं, उन्हातली धुई वेगळी. ती अनुभवाने दिसते. तो गप्प बसला. शिकण्याची तयारी आहे.

२२ डिसेंबर

सिद्धूची गाडी आली. दोन दिवस घरी. तयारीला लागलो.

टायरची हवा बघायला गेलो तर मापायच्या यंत्रावरचे आकडेच पुसलेले. सिद्धू म्हणाला, आप्पा, नवंच घेतलंय. नवं म्हणून काय झालं. मी टॉमी, चाक खोलायची लोखंडी पहार, घेतली आणि दहाही टायरवर ठोकून आवाज ऐकला. भरलेला टायर टण् बोलतो, कमी असला की धप् बोलतो. ही विद्या आता कोणाला येत नाही.

समोरची काच. थंडीत आतून वाफ धरते. आमच्या वेळी बटाटा कापून काचेवर घासत होतो, वाफ धरत नसे. आज दोन बटाटे घासले. चांगला जाड थर दिला. सिद्धूने नंतर तासभर काच धुतली. म्हणाला, बाहेरचं काहीच दिसंना आप्पा. मी म्हटलं, मला तर धुण्याआधी अन् धुतल्यावर सारखंच दिसतंय. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पटलं असणार.

२३ डिसेंबर

रेडियमच्या पट्ट्या आणल्या. धुईत मागच्याला आपली गाडी दिसली पाहिजे, म्हणून मागे लाल, पुढे पांढऱ्या. दिवसभर बसून चिकटवल्या. संध्याकाळी उज्वला म्हणाली, आप्पा, लाल पुढं लागल्यात. दुकानदाराने पुडके उलटे बांधून दिले. उद्या जाऊन बोलणार आहे.

धुई फार. वीरभद्रला कळवलं. त्याने फवारलं.

२६ डिसेंबर. दुपारी

मन ठीक नाही.

उत्तरेत रेडिएटरमध्ये नुसतं पाणी चालत नाही. कूलंट टाकावं लागतं, हिरव्या रंगाचं. बाटली ओसरीत ठेवली होती. मी सकाळी स्वतः ओतली. सिद्धू लातूरला भाडं घेऊन निघाला. काट्यावर वजनाला उभा राहिला आणि रेडिएटरमधून फेस यायला लागला. फेस थांबेना. काट्यावरचा माणूस म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, गाडी आतून धुवायला काढली का.

कूलंटची बाटली ओसरीतच आहे. उज्वलाची भांडी घासायच्या साबणाची बाटली मिळत नाही.

आता दोन्ही बाटल्या हिरव्या करायची काय गरज होती. कंपन्यांनी विचार करायला नको का. सिद्धू मला एक शब्द बोलला नाही. दिवसभर रेडिएटर धूत बसला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

संकल्प: यापुढे ओतण्याआधी वास घ्यायचा.

३१ डिसेंबर

वर्ष संपलं. टीव्ही बिघडलाय, माणसांना कडा नाहीत. बल्ब बदलले तर त्या नव्या बल्बभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात. चिनी माल असावा. पार्वतम्मा म्हणाली, डोळ्याच्या डॉक्टरला दावा एकदा. मी म्हटलं, डॉक्टर काय बल्ब दुरुस्त करणार आहे.

या महिन्यात सतरा दिवस धुई. एवढी धुई उदगीरला मी कधी पाहिली नाही. उत्तरेसारखी. म्हणजे माझी सवय इथेच होऊन राहिली. देवाचीच योजना म्हणायची.

वीरभद्रने दुसरी फवारणी केली.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९

आज विशेष काही लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवशी. सकाळी ११

लिहितो. नाही लिहिलं तर आतच फिरत राहील.

मीच सिद्धूच्या मागे लागलो होतो की रिकाम्या गाडीवर एक फेरी मारू दे. पहाटे सहाला नळेगावच्या रस्त्याला लागलो. स्टेअरिंग माझ्याकडे, सिद्धू शेजारी. हात बसलेला होता, गिअर लोण्यासारखे पडत होते. सिद्धूही म्हणाला, हात अजून तसाच हाय आप्पा. वेग चाळीस. धुई होती. मी डिपर लावला.

पुढे रस्त्याच्या कडेला झाड दिसलं. बाभळीसारखं, पांढुरक्यात काळं. झाड रस्त्याच्या कडेलाच असणार, म्हणून मी सरळ गेलो. तेवढ्यात सिद्धूने ओरडून स्टेअरिंग उजवीकडे ओढलं आणि गाडी पलीकडच्या मातीत गेली.

ते झाड नव्हतं. उसाची ट्रॉली होती. एक्सल मोडून अर्ध्या रस्त्यात उभी. रेडियम नाही, दिवा नाही. आपल्याकडे लोक करतात तसं मागे चार दगड ठेवून बाभळीची फांदी उभी केलेली, सावध राहा म्हणून. मला फांदी दिसली. फांदीमागची ट्रॉली दिसली नाही.

ट्रॉलीखाली एक माणूस जॅक लावत होता. तो बाहेर आला. हातात जॅकचा दांडा. माझ्या वयाकडे बघून त्याने दांडा खाली ठेवला. म्हणाला, काका, झोपला होतात का. सिद्धू हात जोडून म्हणाला, चुकलं मालक. त्या माणसाचे पाय थरथरत होते. ते मला दिसले, कारण तो अगदी जवळ उभा होता.

येताना गाडी सिद्धूने चालवली. घरी येऊन त्याने हातपाय धुतले आणि न जेवता आत गेला.

मी ब्रेकवर पाय ठेवणारच होतो. ट्रॉलीवाल्यांना फांदी लावायची पद्धत बंद केली पाहिजे. फांदी झाडाची असते, माणूस झाडच समजणार. नियम क्रमांक बारा करून टाकतो.

५ जानेवारी

झोप लागली नाही. त्या माणसाचे पाय दिसत राहतात. बाकी काही नीट दिसत नाही, आणि नेमकं तेवढंच दिसतं.

चष्म्याला दोष असणार. चिंचेच्या पाण्याने धुतला. नंतर राखेने. आता त्यावर ओरखडे आले आहेत, तरी पूर्वीइतकंच दिसतं. म्हणजे चष्मा पूर्वी ठीक होता.

७ जानेवारी

सिद्धू गाडीवर गेला नाही. अड्ड्यावर कोणाशी तरी बोलून आला. मी विचारलं, आपलं सोळाचं पक्कं ना. म्हणाला, बघू आप्पा.

धुई.

९ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी

वीरभद्र आला होता. औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून आणल्या आणि ओसरीत रांगेने मांडल्या. चहासुद्धा घेतला नाही.

म्हणाला, दाजी, तुमच्या फोनावर तीन फवारण्या हाणल्या. चार दिस झाले, मी सोता पाचला उठून रानात जायलोय. चांदण्या मोजता येत हुत्या. त्याच दिशी सकाळी तुमचा फोन येतो, लई धुई हाय म्हनून. शेजारचे हसायलेत माज्यावर. म्हनले, वीरभद्रा, उन्हाळ्यातली फवारणी आत्ताच उरकून ठिवतूस काय.

मी म्हटलं, उदगीर उंचावर आहे, शिरूर खाली आहे. धुई जागेजागेची वेगळी असते.

तो म्हणाला, मग उदगीरच्या माणसालाच इचारा की.

आणि पार्वतम्माकडे वळून म्हणाला, आक्का, दाजीच्या डोळ्यात बघितलंस का कधी. मधी पांढरं पडलंय, म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यात पडतं तसं.

पार्वतम्मा म्हणाली, दोन वर्सं झाली बघायलेच. म्या सांगितलं की ह्यांना राग येतो. मग मीच ताटात ठेचा उजव्या बाजूला वाढते अन् मेथी डाव्या.

मला बैल म्हणाला याचा राग नाही. त्याला शेतीशिवाय दुसरी उपमा येत नाही. पण दोन वर्षं ताट लावून वाढत होती, आणि मी समजत होतो मला कळतंय.

बाहेर पडलो. रस्त्यावर एका माणसाला थांबवून विचारलं, आज धुई कितपत आहे. तो म्हणाला, आता? पाच वाजता? कुठली धुई काका. बाहेरगावचा असावा. आवाजावरून शेजारचा वाणी वाटला, पण बाहेरगावचाच असावा.

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी ४

कार्यक्रम झाला. क्रमाने लिहितो.

अड्ड्यावर मंडप. शंभरएक ड्रायव्हर. मला शाल, नारळ. भाषण उत्तम झालं. बावीस नियम न बघता म्हटले. बघून म्हणता आलेही नसते, उजेड बरोबर नव्हता. पाचव्या नियमाला टाळ्या पडल्या. दिसतं तेवढंच चालवा. मी तो दोनदा म्हटला.

मग पाहुण्यांनी जाहीर केलं की आता डोळे तपासणी, आणि सुरुवात आपल्या ज्येष्ठ आप्पांपासून. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आधी तरुणांना घ्या, त्यांना गाड्यांवर जायचंय. हे मी सोयीसाठी म्हटलं, आणि रांगेत चौथा उभा राहिलो. पुढचे तिघे अक्षरं मोठ्याने वाचत होते. र, ट, क, प. खालची ओळ म, ल, ग, न, स. मी ती लक्षात ठेवली. याला कोणी फसवणूक म्हणेल. मी तयारी म्हणतो.

माझा नंबर आला. खुर्चीत बसलो आणि खणखणीत म्हटलं, र, ट, क, प, म, ल, ग, न, स.

मग डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, आजोबा, तक्ता बदललाय मी. यावर आकडे आहेत.

लोक हसले. तेही मी सोसलं. बाईंनी बॅटरीने दोन्ही डोळे पाहिले आणि बोटं दाखवत मागे मागे गेल्या. चार हातांवर थांबल्या. म्हणाल्या, मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगला पिकलाय. इतके दिवस कसं चालवलंत सगळं.

मागून कोणीतरी म्हणालं, आप्पांचाच नियम हाय की. दिसतं तेवढंच चालवा. चार हात दिसतंय, चार हात गाडी चालवा, मग उतरून पुन्हा बघा.

यावेळी मंडप जास्त हसला. सिद्धू हसला नाही. तो पुढे आला, माझ्या खांद्यावरची शाल नीट केली आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. बाहेर ऊन होतं. कातडीला लागत होतं, पण मला पांढरंच दिसत होतं. मी विचारलं, सिद्धू, आत्ता ऊन आहे का. तो म्हणाला, हाय आप्पा. लख्ख हाय.

१४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ वाटून झाला. सिद्धू जवळ येऊन बसला. म्हणाला, एक सांगायचं हाय, रागावू नका. बिलाल येतोय माझ्या संगट.

बिलाल म्हणजे ताहेरचा धाकटा भाऊ. चांगला ड्रायव्हर आहे, नऊ वर्षं त्याच लाईनवर. मी विचारलं, कधी ठरलं. म्हणाला, पंधरा डिसेंबरला. तुम्ही जेवताना बोललात ना, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी.

म्हणजे पोराने महिनाभर मला गाडी पुसू दिली, बटाटे घासू दिले. बघू आप्पा म्हणजे हो, असं मी वहीत लिहिलं आहे. पान सापडलं तर खोडून काढीन.

मी विचारलं, मग नळेगावला मला गाडी का दिलीस. तो म्हणाला, मला वाटलं तुमचं तुम्हालाच कळंल. तेवढ्यासाठी एका माणसाला मारत होतो मी. माझंच चुकलं.

त्याचं नाही चुकलं. हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तिळगूळ तोंडात होता.

ऑपरेशन सत्तावीस तारखेला, उजवा डोळा आधी.

१६ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६

गाडी दुपारी चारला गेली. माल भरल्यावर मी टॉमी घेऊन एक फेरा मारला. कोणी अडवलं नाही. म्हाताऱ्याचं मन राखायचं होतं. डाव्या बाजूच्या मागच्या जोडीतला आतला टायर धप् बोलला. मी म्हटलं, हवा कमी आहे. बिलाल म्हणाला, चाचा, सकाळीच बघितली. मी पुन्हा ठोकला, पुन्हा धप्. त्याने वाकून यंत्र लावलं. मग वर बघून म्हणाला, चाचा बरोबर बोलायलेत, अर्धी हवा गेलीय, खिळा हाय आत. टायर बदलला. तासभर उशीर झाला. डाळीची एवढी थप्पी घेऊन हा टायर घाटात बसला असता. बिलालने टॉमी परत दिली नाही. म्हणाला, ही गाडीतच राहू द्या. ठोकून कसं ऐकायचं ते वाटेत सिद्धूला विचारतो. मी म्हटलं, त्याला येत नाही. कधी शिकवलंच नाही.

मग निघाले. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी हात हलवला. सांगितलं, धुई असली तर धाब्यात आत उभे राहा, रस्त्याच्या कडेला नको. पार्किंगचे दिवे लावून रस्त्यात थांबू नका, मागचा येऊन धडकतो. डुलकी आली तर उतरा. बराच वेळ सांगत होतो. हॉर्नसुद्धा दिला त्यांनी.

उज्वला मागून म्हणाली, आप्पा, चला घरात. ती दुसऱ्याची गाडी होती. आपली मघाच गेली.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी

काल फोन आला होता. नागपूरच्या पुढे होते. आज अजून नाही. टीव्हीवरची बाई म्हणाली की उत्तरेत दाट धुकं, पुढचे तीन दिवस. यावेळी मी तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. टीव्ही बिघडलेला नाही.

मी फोन लावला. बटणं मोजून लावता येतो. फोनमधली बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी १०

उज्वला पहाटेच्या गाडीने माहेरी अर्धापूरला गेली. तिच्या आईची तब्येत. संध्याकाळी येईल. तिचा फोन लागत नाही, सिद्धूचाही अजून नाही.

पार्वतम्मा देवासमोर बसली आहे. तिला वाचता येत नाही. मला वाचता येतं. सातवी.

साडेआठला माझा फोन वाजला. टुंग. मेसेज आला आहे. गेला दीड तास तो हातात धरून बसलोय. डोळ्याजवळ नेला, लांब नेला, उन्हात नेला. पांढऱ्यावर काळं काहीतरी आहे. दोन ओळी आहेत की तीन, तेही सांगता येत नाही. शेजारच्या वाण्याचं दुकान सोमवारी बंद. रस्त्यावर गेलो, एका माणसाला हाक मारली, तो खांब निघाला.

मागे असाच टुंग झाला होता तेव्हा रिचार्जचं होतं. आताही तेच असेल. किंवा सिद्धूचं असेल, पोचलो म्हणून. किंवा दुसऱ्या कोणाचं असेल, सिद्धूबद्दल. तिन्हींचा आवाज एकच आहे.

बाहेर धुई आहे की नाही ते मला माहीत नाही. आजपासून हवेची नोंद बंद.

सिद्धू, ही वही तू वाचणार नाहीस, ते मला कळतं. तरी लिहितो. जिथे असशील तिथे गाडी आत घे, चहा घे, आणि बापाला फोन लाव. लिहून पाठवू नकोस. बोलून कळव. लवकर कळव.